सर्व्हरचा पाटील कोण?

रेल्वेने आलेला नवखा माणूस 'बेलापूर' अशी पाटी पाहून उतरतो, बाहेर चौकात येतो आणि बेलापूर कुठे म्हणून विचारतो. कोणीतरी त्याला सांगते, हे श्रीरामपूर आहे. बेलापूर तिकडे प्रवरेच्या काठी, अजून काही किलोमीटर पुढे. जुन्या काळी या स्टेशनाला बेलापूर रोड म्हणत. स्टेशनाभोवती वस्ती वाढली, पेठ झाली, तालुक्याचे गाव झाले, आणि नाव मात्र आमच्या गावाचे राहिले. साखर कारखान्याचेही तसेच. बेलापूर कंपनी म्हणायचे, पण कारखाना हरेगावला. पाटीवर एक नाव आणि ताबा भलतीकडे, याची आम्हा बेलापूरकरांना सवय आहे.

हे आठवायचे कारण असे. रविवारी विहारात आमचा वाचनवर्ग भरतो. त्यात कॉलेजची मुले सध्या एकच विषय काढतात. ट्विटरवर (आता एक्स म्हणायचे) शिव्या खाऊन कंटाळा आला, आपण सगळे मास्टोडॉनवर जाऊ, नाहीतर ब्लूस्कायवर जाऊ. तिथे एकटा कोणी मालक नाही, सगळे विकेंद्रित आहे. वर्गात एक मुलगी आहे. तिच्या पणजोबांनी येसकरकी सोडली तेव्हा घराने काय सोसले ते ती लहानपणापासून ऐकत आली आहे. ती म्हणाली, "मालक नाही म्हणता, मग पाटील कोण?"

या प्रश्नावर आमचे दोन रविवार गेले. त्या दोन रविवारी जे बोलणे झाले ते इथे मांडतो आहोत. आपली पोरे नव्या जागी जातात आणि तिथले जुने वाद त्यांना अंगावर आल्यावरच कळतात. ते आधी कळावेत एवढाच हेतू.

आधी यंत्रणा समजून घेऊ. फेसबुक किंवा एक्स म्हणजे एक मोठा वाडा. सगळी खाती एका कंपनीच्या यंत्रांवर, नियम कंपनीचा, हाकलायचा अधिकारही तिचाच. मास्टोडॉन तसे नाही. जर्मनीतल्या ऑयगेन रोश्को या तरुणाने ते २०१६ मध्ये लोकांसमोर आणले. ती एक खुली संगणकप्रणाली आहे. कोणीही ती उतरवून घ्यावी, आपल्या यंत्रावर चालवावी आणि आपले गाव वसवावे. अशा हजारो गावांचे आपसात दळणवळण चालते, त्यासाठी अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाचा सामाईक संकेत आहे आणि २०१८ मध्ये त्याला जागतिक मान्यता मिळाली. या गावाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर चालवणारा तो अ‍ॅडमिन. कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, कोणत्या गावाशी व्यवहार तोडायचा, हे तो ठरवतो. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर सोपे आहे: पाटील आहे, आणि दर गावाला एक आहे.

आता आपल्या लोकांचा या जागेशी संबंध कधी आला ते पाहू.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरचे प्रमुख जॅक डॉर्सी भारतात आले. स्त्री पत्रकार आणि कार्यकर्त्यांच्या बैठकीत संघपाली अरुणा यांनी त्यांच्या हातात एक पोस्टर दिले. ब्राह्मणी पितृसत्ता मोडून काढा, असा त्यावरचा मजकूर. फोटो बाहेर आला आणि देशभर आरडाओरड झाली. कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने माफी मागितली. ज्यांना या देशात कोणी कधी जातीवरून हिणवले नव्हते त्यांच्या भावना दुखावल्याबद्दल ही माफी होती. आपल्या पोरांना रोज जातीवरून मिळणाऱ्या शिव्यांबद्दल अशी माफी कधी आली, हे कोणाला आठवत असेल तर सांगावे.

वर्षभराने, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये दोन घटना जवळजवळ जोडीने घडल्या. ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. त्यांनी खात्यावर एक जुने छायाचित्र लावले होते. १९३६ सालच्या जर्मनीत सगळी गर्दी नाझी सलाम ठोकते आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे, असे ते चित्र. ते यंत्राला द्वेषमूलक वाटले. पुढे गोरख पांडे यांच्या एका हिंदी कवितेवरून पुन्हा तेच झाले. दुसरीकडे पत्रकार दिलीप मंडल यांचे खाते अडवले गेले आणि निळ्या खुणेचा प्रश्न पेटला. ही खूण कोणाला मिळते, दलित, आदिवासी, ओबीसी लिहिणाऱ्यांना ती का मिळत नाही, ट्विटरच्या भारतातल्या कचेरीत कोण बसले आहे, असे प्रश्न हजारोंनी विचारले. (याच मंडल यांनी २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण खात्याचे माध्यम सल्लागारपद घेतले आणि जानेवारी २०२५ मध्ये फातिमा शेख हे पात्र आपणच रचले असा दावा केला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव आहे हे महाराष्ट्रात तरी सांगावे लागू नये. माणूस बदलला म्हणून २०१९ चा प्रश्न खोटा ठरत नाही, एवढे नोंदवून पुढे जाऊ.)

त्या आठवड्यात भारतातून माणसांचा लोंढा मास्टोडॉनवर गेला. हेगडे गेले, पत्रकार गेले, आपले बरेच तरुण गेले. जाणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी होती की आपण मोकळ्या रानात चाललो आहोत. ते रान तीन वर्षांपूर्वीच वसले होते आणि तिथे भांडणेही होऊन गेली होती.

त्यातले ताजे भांडण गॅबचे होते. गॅब हे अमेरिकेतल्या वर्णद्वेष्ट्यांचे आवडते ठिकाण. २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये गोळीबार करणाऱ्याने जाण्यापूर्वी तिथेच लिहिले होते. जुलै २०१९ मध्ये गॅबने मास्टोडॉनचाच खुला कोड घेतला आणि त्यावर आपला डेरा टाकला. कोड खुला आहे म्हटल्यावर अडवणार कोण? बाकीच्या गावांनी गॅबशी दळणवळण तोडले, काही मोबाइल अ‍ॅपांनी त्याला दार लावले. म्हणजे आपली माणसे तिथे पोचायच्या चारच महिने आधी त्या वस्तीने द्वेषाशी पहिली मोठी झुंज दिली होती, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते ठाऊक होते. पुढे ट्रम्प यांचे ट्रूथ सोशलही २०२१ मध्ये याच कोडवर उभे राहिले, आणि श्रेय न दिल्याबद्दल मास्टोडॉनला त्यांना नोटीस द्यावी लागली. विकेंद्रित तंत्र आपोआप पुरोगामी असते, हा समज इथेच सोडून द्यावा. हत्यार खुले ठेवले की ते दोन्ही बाजू उचलतात.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे आणि आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते. मे २०१९ मध्ये मास्टोडॉनने एक करारनामा काढला. आपल्या संकेतस्थळावर ज्या सर्व्हरची शिफारस होईल त्यांनी वंशवाद, लिंगभेद, समलैंगिकद्वेष आणि ट्रान्सद्वेष यांवर सक्रिय कारवाई केली पाहिजे, अशी त्यात अट. चांगली अट आहे. पण यादीत जात नाही. ती कोणी मुद्दाम गाळली असे आम्ही म्हणत नाही. लिहिणाऱ्यांच्या जगात ती दिसतच नव्हती. आज मास्टोडॉन डॉट सोशल या मूळ सर्व्हरच्या नियमांत वंशवादाच्या रांगेत जातीयवाद हा शब्द आहे. शब्द आला तो जात भोगलेली माणसे दारात येऊन उभी राहिल्यानंतरच्या काळात. नवख्याने हे लक्षात ठेवावे: ज्या सर्व्हरवर जाल त्याचे नियम आधी वाचा, आणि त्यात जात शोधा.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर घेतले आणि दुसरा, कितीतरी मोठा लोंढा निघाला. काही दिवसांतच मास्टोडॉनचे महिन्याचे सक्रिय वापरकर्ते १० लाखांवर गेले. त्यात अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक, पत्रकार, अभ्यासकही होते. ते आपल्या नेहमीच्या सवयीने वंशवादाबद्दल लिहू लागले. तेव्हा जुन्या रहिवाशांपैकी काहींनी त्यांना सांगितले की इथे असे उघडे लिहीत नाहीत, आधी इशाऱ्याची पट्टी लावा, मजकूर पट्टीआड झाका, ज्याला वाचायचे तो उघडून वाचेल. ही पट्टी मुळात त्रासदायक चित्रे, मानसिक आघात वगैरेंसाठीची सोय. पण स्वतःचे रोजचे जगणे सांगणाऱ्याला ते झाकून सांग म्हणणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून द्यायची गरज नाही. 'सगळीकडे जात कशाला आणता' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. तेच वाक्य तिथे शिष्टाचार म्हणून आले होते, एवढाच फरक.

आमचाही एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यात, हरेगावला, शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटे टांगून मारले. त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. आम्ही एका परदेशी सर्व्हरवर गटाचे खाते उघडले होते, त्यावर मराठीत निवेदन लिहिले. व्हिडिओ मुद्दाम टाकला नाही. दोन दिवसांनी सर्व्हर चालवणाऱ्याचा नम्र निरोप आला: राजकीय मजकूर पट्टीआड टाकावा. त्याच निवेदनाखाली कोणीतरी मराठीत जातिवाचक शिवी घातली होती, तिची आम्ही तक्रार केली. पाचव्या दिवशी उत्तर आले की नियमभंग आढळला नाही. त्या माणसाच्या मनात काळेबेरे होते असे आम्हाला वाटत नाही. त्याला मराठी येत नव्हते. त्याने मशीनने भाषांतर केले असणार, आणि मशीनला ती शिवी म्हणजे निव्वळ एका जातीचे नाव वाटले असणार. आमचे निवेदन मात्र त्याला पुरेसे कळले होते, कारण त्यात अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे नाव होते.

आता पाटलाच्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण हा वाद मास्टोडॉनपेक्षा फार जुना आहे. आपल्या घरचाच आहे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांना एका आक्षेपाला उत्तर द्यायचे होते. राज्यघटना गावांच्या पायावर, पंचायतींच्या पायावर का रचली नाही, हा तो आक्षेप. मेटकाफसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी गावांना छोटी प्रजासत्ताके म्हणून गौरवले होते आणि आपल्याकडचे पुढारी तेच गिरवत होते. बाबासाहेबांनी त्या गौरवाच्या ठिकऱ्या उडवल्या आणि गावाला संकुचितपणाचे व अज्ञानाचे घर ठरवले. घटनेचे एकक त्यांनी गाव नाही, व्यक्ती धरले, याचा त्यांना आनंद होता. हे भाषण आपल्या पोरांना माहीत असते. पण त्याच्या सोळा वर्षे आधीचे कमी जणांनी वाचलेले असते. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी हाच मुद्दा कायद्याच्या भाषेत मांडला होता. गावात आपली माणसे अल्पसंख्य आहेत. वेशीबाहेर आहेत. रोजगारासाठी त्याच गावावर अवलंबून आहेत. अशा गावाच्या हातात सत्ता, त्यातही न्यायदानाची सत्ता, द्यायची तर राखीव प्रतिनिधित्व हवे. सगळ्यांना मताधिकार दिला तरी तेवढ्याने भागणार नाही.

म्हणजे प्रश्न केंद्र की विकेंद्र असा नव्हताच. सत्ता खाली आली तर ती नेमकी कोणाच्या हातात येते, हा होता. पंचायतींत अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांना घटनेने राखीव जागा दिल्या त्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ मध्ये. तोवर ग्रामस्वराज्य म्हणजे बहुतेक ठिकाणी गावच्या पाटलाचे राज्य होते. आणि राखीव जागा आल्यावरही सरपंचबाईंना खुर्चीवर बसू न देण्याच्या बातम्या येतातच. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांनी सर्व्हरच्या स्वायत्ततेची गाणी ऐकताना थोडे सावध असावे. फोनची प्रणाली कितीही खुली असली तरी अ‍ॅडमिन होण्यासाठी इंग्रजी लागते, पगारी नोकरीनंतर उरणारा वेळ लागतो, महिन्याचे भाडे लागते. या तिन्ही गोष्टी या देशात जातीनुसार वाटलेल्या आहेत.

वर्गात एकाने विचारले की एका सर्व्हरने दुसऱ्याशी व्यवहार तोडणे म्हणजे वाळीत टाकणेच ना? आम्हालाही आधी तसेच वाटले. पण हा शब्द इतका स्वस्त करू नये. महाडनंतर गावोगाव आपल्या लोकांचे पाणी, दळण, मजुरी बंद झाली. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवलेल्या मागण्यांत सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवा ही मागणी होती. १९३० च्या स्टार्ट समितीने या हत्याराची नोंद घेतली. महाराष्ट्रात त्याविरुद्ध कायदा व्हायला २०१६ उजाडावे लागले. गॅबशी बोलणे तोडल्याने कोणाची चूल विझली नाही. तिथे तोडणे हे दुबळ्याचे संरक्षण होते. पण तेच हत्यार उलटे कसे फिरते हेही पाहा. प्लेविशस नावाचा सर्व्हर कृष्णवर्णीय लोक चालवत. सततच्या छळाला कंटाळून तो २०२० मध्ये बंद करावा लागला. धोकादायक सर्व्हरची माहिती एकमेकांना देण्यासाठी फेडीब्लॉक हा हॅशटॅग आर्टिस्ट मार्सिया एक्स यांच्यासारख्या कृष्णवर्णीय वापरकर्त्यांनी सुरू केला. तो पुढे सगळ्यांनी वापरला, सुरू करणाऱ्यांची नावे मात्र मागे पडली. हे आपल्याला नवीन आहे का?

आणि नवख्याला हे सारे उशिरा का कळते, त्याचे कारणही यंत्रणेतच आहे. मास्टोडॉनवर बरीच वर्षे मजकुरात शोध घेण्याची सोय मुद्दाम ठेवली नव्हती, छळ करणाऱ्यांना शिकार सापडू नये म्हणून. हेतू चांगला. ती सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तीही लिहिणाऱ्याने परवानगी दिली तरच. शिवाय सर्व्हर बंद पडला की त्याचे दप्तर जाते. मास्टोडॉन डॉट एलओएल हा हजारो वापरकर्त्यांचा सर्व्हर २०२३ मध्ये एका भांडणाला कंटाळून चालकाने बंद केला. मुदत दिली, पण जुन्या पोस्टी कोणाला बरोबर नेता आल्या नाहीत. दफ्तरखाना नाही आणि शोधही नाही, म्हटल्यावर इतिहास राहतो तो जुन्यांच्या तोंडी. मग जो जुना तो सांगेल तो इतिहास. तोंडी इतिहासात आपले काय होते हे फुले वाचलेल्यांना ठाऊक आहे.

ब्लूस्कायची कथा थोडक्यात. डॉर्सी यांनीच २०१९ मध्ये ट्विटरच्या आत तो प्रकल्प काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो सर्वांना खुला झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात डॉर्सी संचालक मंडळातून बाहेर पडले. जुलै २०२३ मध्ये, तो निमंत्रितांपुरताच असताना, वंशवादी शिवी असलेली वापरकर्तानावे तिथे चालून गेल्याचे उघड झाले आणि कंपनी बराच वेळ गप्प राहिली. पण तिथल्या कृष्णवर्णीय लोकांनी नुसती तक्रार केली नाही. रुडी फ्रेझर यांनी ब्लॅकस्काय उभे केले: आधी आपल्या लोकांच्या लिखाणाची वेगळी धारा, मग स्वतःची देखरेख, मग स्वतःची यंत्रणा. १९७२ मध्ये आपल्या पोरांनी ब्लॅक पँथरकडे पाहून दलित पँथर काढली होती. तेव्हा फक्त नाव घेतले नव्हते. या वेळी देखरेखीचे काम कसे वाटून घेतात, ते बघावे.

मग स्वतःचा सर्व्हर काढावा का, हा वर्गातला शेवटचा प्रश्न. उत्साह पुष्कळ होता. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, आणि केसरीने पैसे देऊनही जाहिरात छापली नाही, हे सगळ्यांनी सांगितले. पण मूकनायक टिकला नाही हेही सांगावे लागते. बहिष्कृत भारत १९२७ मध्ये निघाला, त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत, आणि तोही पैशाअभावी बंद पडला. आपण छापखान्याचा अभिमान बाळगतो, वर्गणीदारांची थकबाकी विसरतो. सर्व्हरचे भाडे आमच्या विहाराच्या वीजबिलापेक्षा फार नसेल. महाग आहे ती माणसाची रात्र. हरेगावसारखा व्हिडिओ रात्री दोनला आला तर तो कोण बघणार, कोण उतरवणार, आणि उतरवण्यापूर्वी पोलिसांसाठी पुरावा म्हणून कोण जपून ठेवणार? दोन मुली आणि एक मुलगा तयार आहेत. तिघांच्या परीक्षा मार्चमध्ये आहेत. सात माणसे झाल्याशिवाय सुरू करायचे नाही असे ठरले आहे.

त्या रविवारी उठण्यापूर्वी आम्ही सहज विचारले की हरेगावचा तो व्हिडिओ अजून कोणाकोणाच्या फोनमध्ये आहे. बावीस जणांत नऊ हात वर झाले. सगळे आपलेच होते. कोणी अन्याय विसरू नये म्हणून ठेवला होता, कोणाला तो ग्रुपवर आला होता आणि तसाच राहिला होता. उलटे टांगलेल्या त्या पोरांना विचारून कोणीच ठेवला नव्हता. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या येसकराच्या पणतीने फोन काढला आणि खाली मान घालून काहीतरी पुसू लागली.